विरोध सगळ्यांचाच होता

पहाटे देवाचं नाव घेऊन इस्त्रीचा कोळसा पेटवायचा आणि मग दिवसभर कुणाला वाईट बोलायचं नाही, हा इस्त्रीवाल्या मावशींचा नेम. तो मोडला नगरपालिकेनं.

वस्तीतलं सूतिकागृह बंद करायचा ठराव सभेत मंजूर झाला. मावशींच्या लेकीला सातवा महिना. दुसरं इस्पितळ रेल्वे फाटकापलीकडे. याच फाटकात अडकून त्यांच्या जावेचं पहिलं मूल रिक्षातच गेलं होतं. त्यानंतर बायकांनी उंबरे झिजवून हे सूतिकागृह मिळवलं होतं.

सभासदांचे कपडे मावशींकडेच यायचे. त्यांनी एकेकाला विचारलं, "दादा, ठरावाला तुम्ही काय म्हणालात?"

"मी? मी तर विरोधच केला!"

दुसरे म्हणाले, "माझा विरोध जगजाहीर आहे, मावशी."

तिसरे म्हणजे हसरे दादा. त्यांना तर गहिवरून आलं. "आयाबहिणींचा प्रश्न! ओरडून ओरडून घसा बसला माझा."

घसा चांगला खणखणीत होता.

"सगळ्यांनीच विरोध केला, तर मंजूर कोणी केला? भिंतींनी?" घरी येऊन मावशी फणफणल्या.

त्यांचे दीर नगरपालिकेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. ते हसले. "वहिनी, तिथं आवाजी मतदान असतं. अध्यक्ष विचारतात, बाजूनं कोण? सगळीकडून 'होय' ऐकू येतं. कुणाचं तोंड हललं आणि कुणाचं नाही, देव जाणे."

"देव जाणतोच हो, भाऊजी! पण मतं द्यायला देव जात नाही, रांगेत आम्ही उभ्या राहतो. मग आम्हाला कळायला नको?"

"मग ऐका. एका जरी सभासदानं मागितलं, तरी हात वर करून मतं घ्यावी लागतात, नावानिशी. अंतिम मंजुरी पुढच्या सभेत आहे."

सभेच्या दिवशी मावशी लेकीला आणि गल्लीतल्या बायकांना घेऊन गेल्या. दारावर पाटी, 'सभा सर्वांसाठी खुली'. दाराला आतून कडी. मावशींनी दार बडवलं. पहारेकऱ्यानं फटीतून डोकं काढलं.

"काय काम आहे?"

"ऐकायचंय."

"ऐकण्यासारखं काही नसतं इथं."

"मग कडी कशाला लावलीस?"

त्यानं मागे वळून कडीकडे बघितलं. तेवढ्यात बायका आत शिरल्याही.

अध्यक्ष घाईत होते. "ठराव वाचला असं समजावं. बाजूनं असतील त्यांनी..."

"हसरे दादा," मावशींनी मागून हाक मारली, "परत घसा बसेल हो तुमचा! आज हातानंच विरोध करा की."

सभागृहात खसखस पिकली. अध्यक्षांनी टेबल आपटलं. "प्रेक्षकांनी बोलायचं नाही!"

मावशी गप्प बसल्या, पण त्यांची नजर हलली नाही. साऱ्या बायका हसऱ्या दादांकडेच बघत होत्या. ते घाम पुसत उठले. "अध्यक्ष महाराज, माझी विनंती आहे... हात वर करून मतं घ्यावीत."

"बाजूनं असतील त्यांनी हात वर करा," अध्यक्ष कसनुसं तोंड करून म्हणाले.

एकाचा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथून कान खाजवू लागला. दुसऱ्यानं केस सारखे केले. बाकीचे शेजाऱ्याकडे बघत राहिले. पहिला हात कुणाचाच वर जाईना.

"विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब," अध्यक्ष पुटपुटले.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "आई, जिंकलो ना गं आपण?"

"कसलं जिंकलो! आपण बघत होतो म्हणून यांना लाज वाटली. इतकी वर्षं बघत नव्हतो, तेव्हा काय काय मंजूर केलं असेल या मेल्यांनी?" त्या पहारेकऱ्याकडे वळल्या. "पुढची सभा कधी आहे रे?"

"कळवतील तुम्हाला."

"कळवतील नाही. आत जा, विचारून ये."

आणि मावशींनी दारातच बैठक मारली.