मोठे टायर आणि वडूजचे मामा

लढाईच्या काळात सांगलीत नवा टायर मिळणं म्हणजे उंबराचं फूल. आमच्या हळदीच्या पेढीच्या जुन्या मोटारीसाठी मी लष्करी भंगारातून दोन टायर पैदा केले. मापानं मोठे होते, पण मागच्या चाकांवर बसले. गाडी आता रुबाबदार दिसते, असं मी गावभर सांगत सुटलो. रुबाब हवाच होता. कराडला मुलगी बघायला जायचं होतं, आणि तिला एका लग्नात पाहून मी मनातून कधीच होकार देऊन बसलो होतो.

मोठा टायर मडगार्डाला घासतो का, हे गाडीत भार घालून बघावं, एवढी अक्कल मला होती. वडील आणि आत्या मागे बसणार, म्हणून दोघांच्या नावानं हळदीचं एकेक पोतं मागं ठेवलं आणि फेरी मारली. बोटभर जागा उरली. मी जेमतेम फुटलेल्या मिशीवरून हात फिरवला.

निघताना आत्या दारातच अडली. "तीन तिगाडा काम बिगाडा. चौथं कुणीतरी घ्या." चौथे म्हणून मुक्कामाला आलेले वडूजचे मामा बसले. त्यांची कुस्ती सुटली होती, खुराक सुटला नव्हता.

कराड जवळ आलं आणि जळक्या रबराचा वास सुटला.

"गड्या, चाक पेटतंय रं!" मामा ओरडले.

मडगार्ड टायरवर टेकलं होतं. भार कमी करणं एवढाच उपाय, म्हणून तिघंही उतरले. गाडी फक्त मलाच चालवता येत होती. मुलीकडच्यांनी दारातून पाहिलं ते असं: नवरामुलगा मोटारीत, आणि वडीलधारे मागून घामाघूम चालत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोहे झाले. पाय ठणकत होते तरी आत्यानं रीत सोडली नाही. "पोरी, जरा चालून दाखव बघू."

मुलगी उठली, खोलीभर चालली आणि खाली बघतच म्हणाली, "तुमच्याकडे आले तर हेच करावं लागणार ना?"

स्थळ हातचं गेलं, असंच वाटलं. मग मामांचं पोट गदगदायला लागलं, वडील हसले, शेवटी आत्याही हसली.

आमचा होकार तिथल्या तिथे गेला. त्यांचा चार दिवसांनी आला. मुलीची एकच अट होती, वरात बैलगाडीतून काढायची.