आसावरीकाकू चढल्या की इंजिन तापतं

जगन्नाथ देवस्थळींनी आयुष्यभर इंजिनं थंड ठेवली. डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत ते रेडिएटर विभागात होते, आणि ट्रॉयमधल्या मराठी घरांत कोणाची गाडी तापली की पहिला फोन त्यांना जाई. ते वैद्यासारखे आधी लक्षणं विचारायचे. वास येतो का? चढावर तापते की सपाटीवर? असा माणूस निवृत्त झाल्यावर बोट घेतो आणि नेमकं तिचंच इंजिन तापतं, याला काय म्हणावं? त्यांच्या पत्नी आसावरीकाकू म्हणत, "रिटायरमेंट."

बोट जुनी, सेंट क्लेअर तलावाच्या धक्क्याला बांधलेली. तिच्या पोटात डिझेल इंजिन. ते तलावाचंच पाणी खालून ओढून थंड राहतं, आणि वापरलेलं पाणी मागच्या नळीतून भळभळ बाहेर पडतं. कंपनीत काकांच्या वाट्याला नेहमी एखादं झाकण किंवा दोन नळ्या आल्या. अख्खं इंजिन हाताखाली आलं ते इथेच. शनिवारी ते त्याच्याशेजारी उकिडवे बसून डबा खात.

काका एकटे गेले की बोट गुणी मुलीसारखी वागे. काकू बरोबर असल्या की धक्का सोडून थोडं पुढे जाताच इंजिन तापल्याचा भोंगा वाजे. इंजिन बंद करायचं, निवेपर्यंत लाटांवर हेलकावे खायचे, काकूंनी लिंबू हुंगायचं, आणि परत सुरू करून मुकाट्याने माघारी यायचं. येताना मात्र भोंगा वाजत नसे.

काकांनी थर्मोस्टॅट बदलला. पाण्याच्या पंपातली रबरी चकती बदलली. नळ्या तपासल्या, आतली गाळणी उघडून पाहिली. ती आरशासारखी स्वच्छ.

"बाबा, इट ओन्ली हॅपन्स व्हेन आई इज ऑन द बोट," त्यांची मुलगी अनिका एकदा म्हणाली. ती हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. कशानंतर काय होतं याकडे तिचं लक्ष असतं.

"माणूस चढल्याने इंजिन तापत नाही, अनिका. ही अंधश्रद्धा झाली."

"म्हणजे मी पांढऱ्या पायाची?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"अगं, नाहीस, हेच सांगतोय मी!"

"सांगावं लागलं, म्हणजे मनात आलं होतं."

हाती आलेला एकमेव धागा काकांनी असा विज्ञाननिष्ठेने फेकून दिला.

पुढच्या खेपेला बोट मोठ्या मालवाहू जहाजांच्या वाटेवरच बंद पडली आणि अनिका घाबरली. तिने बोट घेणारा माणूस शोधला. तो रविवारी दुपारी येणार होता. त्या सकाळी काकू बरोबर असताना भोंगा वाजला तर बोट विकायची, असं ठरलं. काकू म्हणाल्या, "विकाच. माझं काही अडत नाही." काका "बरं" म्हणाले आणि गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ एकच पाना पुसत बसले.

एवढी नावडती बोट, तरी काकू येत का होत्या? देवाच्या फुलांसाठी. ट्रॉयमध्ये निर्माल्याचं करायचं काय, हा त्यांचा जुना प्रश्न. कचऱ्याच्या ट्रकमध्ये टाकवत नाही. मागच्या अंगणात पुरलं तर हरणं उकरतात. तलावाचं पाणी मात्र पुढे डेट्रॉइट नदीला मिळतं, म्हणजे वाहतं. नवऱ्याच्या वेडाचा तेवढा एक उपयोग त्यांनी मनाशी मान्य केला होता. इंजिन गरम होईपर्यंत बोट धक्क्यालाच घुरघुरत असे. तेवढ्यात त्या कडेला वाकून पिशवी रिकामी करत आणि हात जोडत. काका तेव्हा नेहमी तापमानाच्या काट्यांत डोकं घालून बसलेले.

रविवारी काकांनी इंजिन सुरू केलं, पण धक्का सोडलाच नाही. काट्यांपुढे अनिकाला बसवलं आणि स्वतः मागच्या नळीवर नजर लावून बसले. पाणी भरपूर येत होतं. येत होतं, आणि एकदम करंगळीएवढं झालं.

"अनिका, आत्ता काय झालं?"

"नथिंग, बाबा. आई इज प्रेयिंग."

काका उठून त्या बाजूला गेले. झेंडूच्या पाकळ्या बोटीच्या दिशेने सरकत होत्या आणि एकेक करून तिच्याखाली दिसेनाशा होत होत्या. त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं. क्षणभर काहीच नाही. मग बोटीच्या पोटाखालून सत्यनारायणाची विड्याची पानं वर आली. त्यामागून दूर्वांची जुडी, मागून झेंडू.

इंजिन सुरू असेपर्यंत पाण्याच्या ओढीने पानं बोटीखाली, पाणी आत जातं तिथल्या बाहेरच्या जाळीला चिकटून बसत. इंजिन थांबलं की सुटून जात. आतली गाळणी स्वच्छ राहणार नाही तर काय!

"पण भोंगा तर वाजला नाही," अनिका म्हणाली.

"वाजला असता." काका खरं बोलण्याच्या बाबतीत हट्टी. "अजून जरा चालू ठेवलं असतं तर नक्की वाजला असता."

काकू पाण्याकडे बघत होत्या. रिकामी पिशवी अजून हातात होती.

"अहो, मधे जाऊन इंजिन बंद केलं आणि मग सोडली फुलं, तर?"

"तर काहीच होणार नाही."

"मग अनिका, त्या माणसाला फोन कर. कॅन्सल म्हणावं."

"आई! यू वॉन्टेड टू सेल इट!"

"तेव्हा दोष बोटीचा होता," काकू पिशवीची घडी घालत म्हणाल्या. "आता माझा निघाला. आणि मी काही विकायला काढलेली नाही."