होडीवरची जाळी

पूल सुरू झाला आणि फेरीची होडी ओस पडली. त्याआधी धरणाच्या पाण्यापलीकडे जायचं तर तिच्याशिवाय इलाज नव्हता. शाळेचे मास्तर, दूधवाले, माहेराहून परतणाऱ्या बाळंतिणी, सगळे याच होडीने पलीकडे गेले. आता तीच माणसं पुलावरून दुचाकीने भुर्रकन जात आणि वरून हात हलवत. थोरल्याला ते बघवत नसे. "टाटा कसले करतात? आम्ही काय परदेशी निघालोय?" असं पुटपुटत तो इंजिनावर फडकं मारत बसे. इंजिन आधीच लख्ख असायचं.

होडी दोघा भावांची. थोरला मागे इंजिन आणि सुकाणू सांभाळी. धाकटा पुढे दोर टाकी, फळी लावी, म्हाताऱ्या उतारूंना हात देई. गावात दोघांना नावाने कोणी हाक मारत नसे. थोरला आणि धाकटा, बस्स. धाकट्याचे केस थोरल्याच्या आधी पांढरे झाले, तरी तो आपला धाकटाच. बायको गेल्यापासून तो थोरल्याकडेच जेवत असे. त्याची एकुलती एक लेक लांबच्या शहरात दिली होती. होडी ओस पडल्याचं कळल्यापासून तिचे फोन सुरू झाले. "बाबा, आमच्या इथल्या कारखान्याला फाटकावर माणूस हवाय. राहायला खोली देतात. या ना."

धाकट्याने हे जेवताना सांगितलं. "जावं म्हणतो, दादा," तो म्हणाला.

थोरल्याचा हातातला घास हातातच राहिला. सुकाणूवर एक आणि दोरावर एक असल्याशिवाय ती होडी धक्क्याला लागत नाही. धाकटा गेला की होडी संपली, हे कळायला ज्योतिषी नको होता. आणि होडी संपल्यावर आपलं काय उरतं, हा विचार थोरला मनाला शिवूच देत नसे.

"एक महिना थांब," तो म्हणाला. "माझ्या डोक्यात एक गोष्ट आहे. ती जमली की तुला कुठे जायची गरजच उरणार नाही."

ती गोष्ट म्हणजे मासे भाजायची जाळी. पुलाच्या तोंडाशी नवं लॉज झालं होतं. तिथे शहरातली माणसं सुट्टीला येत, पाण्याकडे बघत बसत आणि अर्ध्या दिवसात कंटाळत. त्यांना होडीत घालून पाण्याच्या मधोमध न्यायचं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत निखाऱ्यावर मासे भाजून गरमागरम वाढायचे. लॉजवाला म्हणाला, "आधी आम्हाला खाऊ घाला. आवडलं तर दर सुट्टीला होडी भरून माणसं पाठवतो." झालं! थोरल्याच्या अंगात वारंच संचारलं.

"घरात कधी चहाचं आधण ठेवलं नाहीत, आणि होडीत स्वयंपाक मांडताय?" त्याची बायको म्हणाली. पण मासे साफ करून, मीठ-मिरी लावून द्यायचं तिनेच कबूल केलं.

लाकडी होडी, पोटात डिझेल आणि वर विस्तव. हे ऐकून गावातल्या वेल्डरने चष्मा कपाळावर सरकवला. "होडी जाळायचीच असेल तर काडी पुरे आहे की. मला कशाला कामाला लावता?" पण बेत त्यालाही आवडला असावा. त्याने एक लोखंडी पिंप उभं कापून अर्धं केलं, धारदार कडा घासून बोथट केल्या, हवेसाठी बुडाला भोकं पाडली आणि खाली चार पाय जोडले. होडीत आधी पत्रा अंथरला, पत्र्यावर विटा, विटांवर वाळूचा थर, आणि त्यावर पिंप. होडी डुलली तरी ते जागचं हलू नये म्हणून पाय बोल्टांनी आडव्या लाकडाला आवळले. जाळीला चारी बाजूंनी बोटभर उंच काठ हवा, ही सूचना धाकट्याची. नाहीतर मासे घसरून पाण्यात जायचे.

"एकदा मेलेत बिचारे," तो म्हणाला, "पुन्हा कशाला पोहायला लावायचं?"

थोरला किती दिवसांनी पोट धरून हसला. याचं मन लागलंय, त्याला वाटलं. हा आता कुठे जात नाही.

जाळीची जागा ठरवायला त्याला वेळ लागला नाही. डिझेलची टाकी मागे, इंजिन मागे, म्हणजे विस्तव पुढे. पूर्वी सायकली आणि पोती ठेवत ती जागा तिथे मोकळीच होती. राहिला धूर. त्याचा हिशेब तर थोरल्याच्या हाडात मुरलेला होता. त्या पाण्यावर दुपारचा वारा लांबीने वाहतो आणि होडी जाते रुंदीने. जाताना वारा एका कुशीला, येताना दुसऱ्या. उभ्या आयुष्यात त्याने वारा कुशीवरच घेतला होता. तेव्हा धूर आडवा पाण्यावर निघून जाणार, यात शंका कसली? तरी दोघांनी कोळसे पेटवून एक फेरी मारून पाहिली. धूर शहाण्या मुलासारखा बाजूने गेला.

"तुला लागतोय का?" थोरल्याने सुकाणूवरून ओरडून विचारलं.

"छे," बाकावरून धाकटा म्हणाला. "छान आहे."

लॉजवाला आला तो बायको, मुलं, मेहुणा आणि मेहुण्याचे दोन मित्र असा लवाजमा घेऊन. सगळे नटूनथटून आले होते. होडी निघाली, जाळीवर मासे चरचरू लागले, मक्याची कणसं तडतडू लागली. लॉजवाल्याच्या बायकोने वास घेऊन मान डोलावली. थोरल्याने तेवढ्यावर पुढची सगळी वर्षं रंगवून टाकली. दुसरी जाळी, बाकांवर गाद्या, वर छत.

मधोमध आल्यावर लॉजवाला म्हणाला, "आता ते इंजिन बंद करा हो. निवांत खाऊ द्या."

नांगर होता. तपासणीला दाखवावा लागे म्हणून तो दरवर्षी रंगवला जाई, पण पाण्यात कधी पडला नव्हता. फेरीच्या होडीने वाटेत थांबायचं कशाला? धाकट्याने तो पुढून सोडला. दोर ताणला, आणि होडी हळूहळू वळू लागली. वळत वळत तिने वाऱ्याकडे थेट तोंड केलं आणि तशीच राहिली. नांगरलेली कोणतीही होडी हेच करते. थोरल्याला ते माहीत नव्हतं.

मग जाळीवरचा सगळा धूर बाकांवर आला. माशांची चरबी निखाऱ्यावर गळत होती, त्यामुळे तो दाट, तेलकट, डोळ्यांत मिरच्या घातल्यासारखा झोंबणारा. मुलं रडायला लागली. लॉजवाल्याच्या बायकोने पदर नाकातोंडावर दाबला. थोरला मागून ओरडत राहिला, "एक मिनिट, एक मिनिट!" पण त्या एका मिनिटात काय करायचं हे त्याला सुचेना. तेवढ्यात मेहुण्याने शौर्य दाखवलं. पिण्याच्या पाण्याची कळशी उचलून त्याने अख्खी निखाऱ्यांवर ओतली. भस्सकन वाफ उठली आणि तिच्याबरोबर सगळी राख. नवे कपडे, केस, वाढलेली ताटं, सगळं एका रंगाचं झालं.

धक्क्यावर उतरताना लॉजवाला रागावलासुद्धा नाही. "बरं झालं, आम्हीच आधी आलो," एवढं म्हणाला आणि मुलाच्या डोक्यातली राख झटकत चालू लागला. रागावला असता तर थोरल्याने माफी तरी मागितली असती.

दोघं भाऊ होडी साफ करायला बसले. अर्धे कच्चे, अर्धे करपलेले मासे बादलीत पडले होते. थोरल्याचं तोंड चालूच होतं.

"जागा चुकली. जाळी मागे हवी, टाकी पुढे. म्हणजे नांगर टाकला की धूर मागच्या मागे जाईल. उद्या वेल्डरला बोलावतो. लॉजवाल्याचे पाय धरतो, येईल तो पुन्हा. तू फक्त ती टाकी सरकवायला..."

"दादा, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"होडी वळणार ते. सुट्टीच्या दिवशी मी कोळ्याच्या छोट्या डोंगीत गळ टाकून बसायचो ना? नांगर टाकला की डोंगी वाऱ्याकडे तोंड करते. दर वेळी."

थोरल्याच्या हातातला घासण्याचा ब्रश थांबला. "मग बोलला का नाहीस?"

धाकटा जाळी खरवडत राहिला. "बोललो असतो तर जमलं असतं."

थोरल्याला आधी अर्थच लागला नाही. मग लागला, आणि त्याचं डोकं भडकलं. "अरे, मी मरमर मरतोय ते कोणासाठी? तुला लेकीच्या दारात जाऊन फाटक राखायची गरज पडू नये म्हणून!"

"गरज नव्हती रे, दादा," धाकटा म्हणाला. "मला जायचं होतं. मी तसंच म्हणालो होतो. तू जाळीचं बोलायला लागलास."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. दमलेला माणूस बोलतो तसं तो बोलला. मग त्याने जाळी पाण्यात बुडवून काढली, उन्हाला उभी करून ठेवली आणि हात धुतले. थोरल्याने एकच विचारलं, कधी निघतोस. धाकटा म्हणाला, परवा.

धाकटा घराकडे गेल्यावरही थोरला होडीतच बसून होता. होडी संपली हे त्याला कळत होतं, पण त्याचं दुःख त्याला अजून व्हायचं होतं. आत्ता त्याला वेगळंच काही खात होतं. इतकी वर्षं आपला भाऊ आपल्यासोबत सुखात आहे असं तो धरून चालला होता, आणि हे त्याने भावाला एकदाही विचारलं नव्हतं.