छायाचे सात सत्कार आणि एक कागद

माझी धाकटी बहीण छाया, इयत्ता नववी, हिच्यावर दिवाळीआधीच्या शनिवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी जळगावच्या मैदानावर घोर अन्याय झाला. दोषी व्यक्ती आजही मोकळी फिरते आहे, दोन वेळा जेवते आहे आणि संधी मिळेल तिथे भाषण करते आहे.

वेळ इतकी नेमकी कशी ठाऊक, असं कुणी विचारेल. ती मी तेव्हा काढलेल्या पत्रकात छापली होती. पाचशे प्रती! मी जळगावात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, झब्बा घालायचो, आणि आमच्या युवक मंडळात ‘पत्रक कोण लिहिणार’ हा प्रश्न संपायच्या आत माझा हात वर असायचा. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून घरी नाना (म्हणजे आमचे वडील) कुरकुरले, तरी मला त्यात तीन मागण्या दिसायच्या.

आमचं गाव रावेरकडचं, चहूबाजूंनी केळीच्या बागांत बुडालेलं. छाया आठशे मीटर पळायची. तिला शिकवलं कुणी नव्हतं. नानांची भाकर बागेत पोचवायची आणि शाळेची घंटा व्हायच्या आत परत यायचं, एवढाच तिचा सराव. त्या वर्षी ती तालुक्यात पहिली आली. घरी येऊन मायला म्हणाली, “मज्या आली.” दोन भाकरी खाल्ल्या आणि गल्लीत लंगडी खेळायला निघून गेली. विषय संपला.

म्हणजे माझ्याखेरीज सगळ्यांसाठी संपला. मी रविवारी घरी आलो, तर गावात कुणी तिचं नावही काढत नव्हतं. माझं डोकं तापलं. कुस्तीत उताणा पडलेल्या पोरालासुद्धा हे गाव फेटा बांधतं, आणि पोरगी पहिली आली तर टाळीही नाही! मी तडक सरपंच आबांकडे गेलो आणि लेखी कळवलं की आठ दिवसांत छायाचा जाहीर सत्कार झाला नाही, तर मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उपोषणाला बसेन.

आबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, “तू बसू नको, बापा. सत्कार करून टाकतो.”

इथेच सगळं बिघडलं. ग्रामपंचायतीने सत्कार केला म्हटल्यावर शाळेला करावा लागला. शाळेने केला म्हणून केळीच्या सोसायटीने केला. सोसायटीला उत्तर म्हणून भजनी मंडळाने केला. बारा दिवसांत सहा सत्कार झाले. दर वेळी एक शाल, एक नारळ, एक हार आणि दोन तास भाषणं. (ऑक्टोबरच्या आमच्या उन्हात खांद्यावर शाल घेऊन दोन तास बसणं हासुद्धा एक मैदानी खेळच आहे. त्याची तालुका पातळीवर नोंद होत नाही, हा आणखी एक अन्याय.) प्रत्येक वक्ता शेवटी सांगायचा की या पायांना जपा, हे गावाचं धन आहे.

झालं! गावाने पाय जपायला घेतले. मायने तिचं भाकर पोचवणं बंद केलं. छाया रस्त्याने जरा भरभर चालली तरी ओट्यावरून कुणीतरी ओरडायचं, “हयू वं, माय, पाय मुरगयला तं?” (आमच्याकडे ‘ळ’ जिभेला जड जातो, म्हणून आम्ही पळत नाही, पयतो.) लंगडी तर बंदच. नारळांच्या वड्या मात्र रोज. पोरगी दोन आठवड्यांत पळाली नव्हती, पण वड्या पाचपन्नास खाल्ल्या असतील.

सहाव्या सत्काराला ती मांडीवर नारळ घेऊन स्टेजवर बसली होती. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, “भाऊ, मी पयू कधी?”

“सत्कार झाल्यावर.”

“कोनत्या?”

तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं, म्हणून मी भाषणाला उठलो.

सातवा सत्कार जिल्हास्पर्धेच्या दिवशी सकाळी होता. कल्पना माझीच. शाळेपासून बसस्टँडपर्यंत ट्रॅक्टरवरून मिरवणूक, ट्रॉलीला चारी कोपऱ्यांत केळीचे खांब, मध्ये छाया. खेळाच्या कपड्यांवरून मायने तिला साडी गुंडाळली होती, साडीवरून शाल, शालीवरून हार. आठच्या एस.टी.ने जळगाव गाठायचं होतं. पावणेआठला मी ट्रॉलीवर चढलो. विषय होता, ‘खेळाडूंचा वेळ वाया घालवणारी व्यवस्था’.

भाषणात पुरावा लागतो. म्हणून मी छायाच्या हातातून तिचा वयाचा कागद घेतला. फोटो चिकटवलेला, हेडमास्तरांचा शिक्का मारलेला. तो गर्दीला दाखवून म्हणालो, “अवघ्या चौदा वर्षांची ही पोर!” टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला थांबता येत नाही. एस.टी. आली. खेळाचे सर बाकीच्या पोरांना घेऊन चढले आणि खिडकीतून दोन्ही हात हलवू लागले. मला वाटलं, भारावले आहेत. मी आवाज चढवला. कंडक्टरने घंटी दिली आणि एस.टी. गेली.

छायाने माझ्याकडे पाहिलं, एस.टी.कडे पाहिलं, नारळ माझ्या हातात दिला आणि ट्रॉलीवरून खाली उडी मारली. एस.टी. शेजारच्या गावाला वळसा घालून फाट्यावर निघते, आणि फाट्याची आडवाट आमच्याच बागेतून जाते. पोरगी बागेत घुसली. मागून नाना सायकल घेऊन गेले. त्यांना बांधावर शाल सापडली, पाटाच्या कडेला हार सापडला आणि शेवटच्या रांगेत साडी सापडली. ते फाट्यावर पोचले, तर छाया एस.टी.च्या आधी येऊन हात करत उभी होती!

ही बातमी कळताच मी भाषण पुढे सुरू केलं.

संध्याकाळी सर छायाला घेऊन घरी आले. तिला पळूच दिलं नव्हतं. वयाचा कागद नाही, म्हणून टेबलावरच्या साहेबांनी नाव खोडलं होतं. वेळ अकरा वाजून वीस मिनिटं. मला संतापाने ऐकूच येईना. सर म्हणाले, “अरे भास्कर, तो कागद—” मी म्हणालो, सर, तुम्ही कागदाची बाजू घेऊ नका. छाया म्हणाली, “भाऊ, कागद तं—” मी म्हणालो, तू पीडित आहेस, तू आराम कर. आणि लिहायला बसलो.

पत्रकाचा मथळा होता ‘कागद मोठा की पोर?’ मागण्या अर्थातच तीन. एक, कागद कुणी अडवला याची चौकशी व्हावी. दोन, दोषी व्यक्तीचं नाव चौकातल्या फळ्यावर महिनाभर ठेवावं. तीन, दोषीने छायाची जाहीर माफी मागावी. बुधवारी ग्रामपंचायतीपुढे निषेध सभा ठेवली. छायाने येत नाही म्हणून सांगितलं, तर मायने तिला बळेच आणून बसवलं.

सभेत मी तापलो. “कोणत्या कागदासाठी अडवलं या पोरीला?” असं गरजत पत्रक काढायला झब्ब्याच्या खिशात हात घातला आणि घडी झटकून कागद उंच धरला. (तोच झब्बा. चळवळीतला माणूस रोज कपडे धूत नाही.)

पुढच्या रांगेतल्या बाया हसायला लागल्या. मला कळेना. मी कागद आणखी वर धरला. मागच्यांनाही हसू फुटलं. मी ओरडलो, “हसता कशाला? नीट पहा हा कागद!” तर नानांनी टोपी तोंडावर ओढली. सर आभाळाकडे पाहू लागले. माझी जीभ अडखळली, पण हात वरच होता.

शेवटी आबा शांतपणे म्हणाले, “भास्कर, कागद पलटव.”

पलटवला. दोन वेण्या घातलेली छाया फोटोतून माझ्याकडे बघत होती. बाजूला हेडमास्तरांचा शिक्का.

चौकशी त्या जागीच पूर्ण झाली. दुसरी मागणी आबांनी सभा संपायच्या आत अंमलात आणली, स्वतः खडूने, ठळक अक्षरांत. उरली तिसरी. घरी आल्यावर मी छायासमोर उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला भाषण सुचेना. एवढंच विचारलं, की मैदानावर दिवसभर रडलीस का?

“काहून रडू?” ती म्हणाली. सकाळी केळीतून पळताना तिला इतकी मजा आली होती, की तालुक्यालाही आली नव्हती. मग शर्यत संपल्यावर भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली पहिली आलेली पोरगी तिला म्हणाली, चल, आपण दोघी पळू. दोघी दोन फेऱ्या पळाल्या, अनवाणी.

“मग पहिली कोण आली?” मी अधीर होऊन विचारलं.

“आमी पाह्यलंच नाही,” ती म्हणाली.

माफीऐवजी तिने वेगळीच शिक्षा दिली. सुट्टीत रोज सकाळी तिच्यासोबत पाटापर्यंत पळायचं आणि बोलायचं नाही. न बोलायची अट घालायची गरजच नव्हती, कारण दहाव्या झाडापाशी माझा श्वास संपायचा. ती पुढे जाऊन परत यायची, माझ्याभोवती चक्कर मारून पुन्हा पुढे जायची. गाव म्हणायचं, छायाने गावाला अर्धा तास शांतता मिळवून दिली. त्यावर कुणी सत्कार सुचवला नाही, हे नशीब.

तेव्हा वाचकांकडे माझी मागणी आहे, आणि या वेळी एकच. तुमच्या घरात पळणारं पोर असेल, तर आज संध्याकाळी त्याला विचारा, ‘मजा आली का?’, आणि त्याचं उत्तर पूर्ण होईपर्यंत तोंड उघडू नका. त्याचा सत्कार करू नका. केलाच, तर कृपा करून मला वक्ता म्हणून बोलावू नका.

बोलावलंत, तर मी येईन.