काटेबाईंना परवडलेलं मैदान

बढतीबरोबर बदलीचा हुकूम हातात पडला, तेव्हा काटेबाईंनी नवऱ्याला पहिला प्रश्न विचारला तो घरभाड्याचा नव्हता की पाण्याच्या सोयीचाही नव्हता. "अहो, तिकडे गोल्फचं मैदान असेल का?"

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्यावरचं भिंग न काढताच तो म्हणाला, "एवढं मोठं शहर आहे. सगळं असेल. आपल्याला काय परवडेल, ते विचार."

काटेबाई वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात बावीस वर्षं होत्या. भाजीवालीच्या तागडीपासून ट्रक तोलायच्या पन्नास टनी काट्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. म्हणून हे नाव. एक घड्याळाचे काटे बघतो, एक वजनाचे, असं शेजारी म्हणायचे आणि आपल्याच विनोदावर हसायचे.

गोल्फ त्यांच्या सात पिढ्यांत कुणी खेळलं नव्हतं. चौतिसाव्या वर्षी, पंचवीस-पंचवीस किलोची वजनं उचलून कंबर धरली आणि डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. जुन्या गावात चालायला धड रस्ता नव्हता, पण कागद गिरणीच्या मागे नऊ होलचं एक मैदान होतं. गिरणीच्या कुठल्याशा साहेबाने हौसेने केलेलं. साहेब गेला, मैदान राहिलं. महिन्याची वर्गणी दुधाच्या बिलाहून कमी. तिथे पोस्टमास्तर खेळायचे, शिवणकाम शिकवणाऱ्या बाई खेळायच्या. काटेबाईंनी एका म्हाताऱ्याकडून सात जुन्या स्टिका विकत घेतल्या आणि चालता चालता खेळायलाही लागल्या. या खेळातली एक गोष्ट त्यांना फार आवडायची. किती फटके मारले ते ज्याचं त्याने मोजायचं आणि ज्याचं त्याने लिहायचं. वर निरीक्षक कुणी नाही. दिवसभर लोकांचं खोटं पकडून आलेल्या बाईला संध्याकाळी तो खेळ आंघोळीसारखा वाटायचा.

नव्या शहरात टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. जळक्या रबराचा वास उशीच्या अभ्र्यापर्यंत यायचा. जिन्याच्या प्रत्येक वळणावर लोक थुंकलेले. काटेबाई पदर नाकाला लावून वर चढायच्या आणि म्हणायच्या, "निदान संध्याकाळी तासभर तरी हिरवं बघायला मिळू दे."

पहिल्याच रविवारी त्या शहरातल्या सगळ्यात मोठ्या क्लबात गेल्या. खिडकीमागचा कारकून सभासदत्वाच्या फॉर्मच्या कोपऱ्याने नखातला मळ काढत बसला होता.

"साहेब खेळतात का?" त्याने विचारलं.

"साहेब घड्याळं दुरुस्त करतात. मी खेळते."

"बायकांना पत्त्यांची खोली आहे. एसी आहे."

"मला मैदानाचं सांगा."

त्याने मळ काढलेला तोच फॉर्म पुढे सरकवला. प्रवेश फी काटेबाईंच्या अकरा वर्षांच्या पगाराएवढी होती, आणि ती भरायलासुद्धा रांग होती. एकवीस वर्षांची. काटेबाईंनी फॉर्म बोटांच्या चिमटीत धरून बाहेरच्या डब्यात टाकला आणि हात रुमालाला पुसले.

"तोपर्यंत तुझे गुडघे थांबतील का, ते विचारलंस?" घरी आल्यावर नवरा म्हणाला.

दुसरं ठिकाण जाहिरातीतलं. गोल्फ नगरी! प्रत्यक्षात ती अठरा मजल्यांची इमारत निघाली. गाड्या लावायच्या जागेच्या गच्चीवर प्लास्टिकचं गवत अंथरलेलं, त्यात तीन होल, त्यातल्या एकाच्या तोंडाशी कुत्र्याने आपलं काम उरकलेलं. उन्हात त्या गवताला तापलेल्या चपलेचा वास येत होता. विक्रेता पोरसवदा नव्हता, चांगला पन्नाशीचा होता, पण लाज म्हणून नाही. "फ्लॅट घेतला की गोल्फ फुकट, मॅडम."

"आणि फ्लॅट नाही घेतला तर?"

"तर लिफ्ट तिकडे आहे."

असे चार महिने गेले. कुठे फी आभाळाला टेकलेली, कुठे दोन सभासदांच्या शिफारशी, कुठे नवऱ्याचा हुद्दा विचारणारे लोक. शहर म्हणजे नुसतं नाव मोठं नि लक्षण खोटं, असं काटेबाईंचं मत पक्कं होत चाललं. स्टिकांची पिशवी पलंगाखाली पडून होती. कंबर पुन्हा कुरकुरायला लागली.

मग तो धान्याचा व्यापारी भेटला. कचेरीत परवान्याच्या नूतनीकरणासाठी आला होता. काटेबाईंच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून गोल्फचा चेंडू ठेवलेला असायचा. त्याने तो उचलून बघितला. "बाई खेळतात वाटतं? अहो, मग आमच्या क्लबात या की! मधल्या दर्जाचा क्लब आहे, फार महाग नाही. आणि माझ्या कंपनीच्या कोट्यातून केलं तर तुम्हाला नाममात्र."

त्याच्या गोदामातला ट्रकचा काटा तपासायची तारीख पुढच्याच महिन्यात होती, आणि ती तपासणी काटेबाईंच्याच वाट्याची होती. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. पण त्यांनी मनाला समजावलं, खेळायला जाणं वेगळं आणि काटा वेगळा. लोक त्यांना हेच वाक्य ऐकवायचे तेव्हा त्या कपाळाला आठ्या घालायच्या.

रविवारी सकाळी चौघं निघाले. व्यापारी, त्याचा एक दातांचा डॉक्टर मित्र, एक निवृत्त बडे अधिकारी आणि काटेबाई. मैदान मात्र सुरेख होतं. पायाखाली गवत असं, की बूट काढून चालावं. पहिला फटका सरळ गेला तेव्हा काटेबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

पण दुसऱ्या होललाच व्यापाऱ्याने झुडपात गेलेला चेंडू बुटाच्या टोकाने हळूच बाहेर ढकलला. काटेबाईंनी पाहिलं. त्यांनी पाहिलं हे त्यानेही पाहिलं, आणि डोळा मारला. सात फटके मारून तो म्हणाला, "पाच."

"लिहा पाच," अधिकारी म्हणाले. "बाई, तुमचे?"

"सहा."

"अहो, पाच लिहू या. आपल्यात कोण मोजतंय?"

काटेबाईंच्या तोंडाला कडवट पाणी सुटलं. पण त्यांनी पाच लिहू दिले.

चौथ्या होलच्या उजव्या हाताला एक तळं होतं. लांबून ते निळं दिसायचं. जवळ गेलं की कळायचं, क्लबाच्या स्वयंपाकघराचं आणि संडासांचं पाणी तिथे सोडलेलं आहे. काळपट साय धरलेली, मधूनमधून बुडबुडे फुटत होते, आणि वास असा की घशाशी यावं. दातांच्या डॉक्टरचा चेंडू नेमका त्यात गेला. त्याच्या पिशवीत तसल्या चेंडूंचा अख्खा डबा होता.

तळ्याच्या काठाला एक म्हातारा कामगार विळ्याने गवत कापत होता. पाठीला पोक आलेलं, म्हणून त्याला सगळे कासव म्हणायचे.

"ए कासवा, पाण्यातलाच ना तू? काढ बघू!" डॉक्टर ओरडला.

"दोन मिनिटांत काढतो का बघा," अधिकारी म्हणाले.

"पाच लागतील. लावता पैज?" व्यापारी म्हणाला.

म्हाताऱ्याने सदरा काढला, घडी करून दगडावर ठेवला आणि तो छातीपर्यंत त्या घाणीत उतरला. तळाशी पायाने चाचपत राहिला. मग श्वास रोखून डोकंही आत घातलं. वर आला तेव्हा केसांना काहीतरी लोंबत होतं आणि हातात चेंडू होता.

डॉक्टरने तो न शिवता नुसताच बघितला. "हा माझा नव्हे रे! परत जा!"

तिघंही खो-खो हसले. आणि काटेबाई हसल्या.

मोठ्याने नाही. नुसतं हुं केल्यासारखं, ओठ जरा फाकवून, चारचौघांत वेगळं दिसू नये म्हणून. सभासदत्वाच्या फॉर्मवर व्यापाऱ्याची सही व्हायची होती. म्हातारा पुन्हा खाली वाकला.

खेळ संपल्यावर पांढऱ्याशुभ्र टॉवेलांना हात पुसून सगळे चहाला बसले. व्यापाऱ्याने फॉर्मवर सही ठोकली, सँडविचची बशी पुढे केली आणि म्हणाला, "पुढच्या आठवड्यात आमच्याकडे येताय ना? जरा घरचं समजून बघा."

काटेबाईंनी सँडविच खाल्लं.

घरी येऊन त्यांनी दोनदा चूळ भरली, मग दात घासले, मग पुन्हा चूळ भरली. नवरा दारात येऊन उभा राहिला. "काय झालं?"

"मी हसले," त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. "मग जाऊ नकोस परत."

"मैदान फार छान आहे हो."

"मग जा."

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही!"

"अगं, मी काय सांगू? किळस तुला आलीय. ती किती वजनाची आहे ते तूच बघ."

पुढच्या आठवड्यात प्रमाण वजनांचा ट्रक घेऊन काटेबाई गोदामात गेल्या. व्यापाऱ्याने खुर्ची मागवली, पंखा लावला. रिकामा काटा बरोबर. वजनं चढवली, तरी बरोबर. एखादीने सही केली असती. काटेबाईंनी मात्र काट्यावर बसणाऱ्या माणसाला सांगितलं, "तुम्ही जरा बाहेर जा," आणि त्याच्या टेबलाचा खण उघडला. डोकेदुखीच्या मलमाशेजारी एक छोटा रिमोट होता. बटण दाबलं आणि दहा टनांवर काट्याने ऐंशी किलो गिळले. पोलादी तक्त्याखालची पेटी उघडली तर आत गोचिडीसारखी एक चकती चिकटवलेली. धान्य घालायला येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या गाडीतून ती रक्त पीत होती.

त्यांनी पंचनामा केला आणि काट्याला सील ठोकलं.

"बाई," व्यापारी म्हणाला, आता आवाजात लोणी नव्हतं, "आमच्या हातचं खाऊन तुम्ही..."

"खाल्लं खरं," काटेबाई म्हणाल्या. "अजून ढेकर येतोय त्याचा."

कचेरीत वरिष्ठांनी बोलावलं. त्यांनी शाबासकी दिली नाही. "कायदा आहे, मान्य. पण माणुसकी म्हणून काही असते की नाही? एवढं ताणायचं कशाला?" बोलता बोलता ते बडीशेप चघळत होते आणि दाढेत अडकलेला दाणा जिभेने शोधत होते. काटेबाई त्या जिभेकडे बघत राहिल्या. पंचनामा मात्र त्यांनी मागे घेतला नाही, आणि काटा चार महिने बंद राहिला.

क्लबाचा फॉर्म टपालाने परत आला. नामंजूर. कारण: हिरवळीवर अयोग्य बूट वापरले.

बूट योग्यच होते. पण नवऱ्याला त्या कागदावर इतकं हसू आलं की भिंग खाली पडलं.

काटेबाईंना हसू येईना. एका शनिवारी दुपारी त्या क्लबाच्या मागच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. पाळी सुटली, म्हातारा सायकल ढकलत बाहेर आला.

"काका, ओळखलंत का मला?"

"नाही बुवा."

"त्या दिवशी तुम्ही तळ्यात उतरलात ना, तेव्हा मी होते तिथे. सगळ्यांबरोबर मीही हसले. माफी मागायला आलेय."

म्हाताऱ्याने सायकल फाटकाला टेकवली. "बाई, तुम्ही हसलात ते मला ऐकू आलं नव्हतं. कानात पाणी होतं. आता तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं."

माफी मागून मन हलकं होईल असं काटेबाईंना वाटलं होतं. ती घाण त्या आता स्वतःच्या हाताने त्याच्या दारात टाकून बसल्या होत्या.

त्यालाच त्यांची कीव आली असावी. "खरंच खेळायचंय का तुम्हाला? का नुसतं त्या लोकांत बसायचंय?"

"खेळायचंय."

"मग कचरा डेपोच्या मागे जा. नगरपालिकेचं मैदान आहे, नऊ होलचं. मैदान आधी झालं, कचरा मागून आला. वास येतो म्हणून साहेब लोक जात नाहीत. बसच्या तिकिटाएवढे पैसे घेतात."

"तुम्ही खेळता तिथे?"

"मी?" म्हातारा पहिल्यांदा हसला. "सुट्टीच्या दिवशी मी गवताकडे बघतसुद्धा नाही." आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला. पुन्हा कधी भेटला नाही.

काटेबाई दुसऱ्याच दिवशी तिथे गेल्या. वास फाटकाच्या अर्धा मैल आधीपासून सुरू झाला. मैदानाच्या एका अंगाला कचऱ्याचा डोंगर, त्यातून धूर निघतोय. घारी घिरट्या घालताहेत आणि मध्येच एखादी घार कुणाच्या बाळाचा लंगोट हिरवळीवर टाकून जातेय. माश्या तर अशा, की फटका मारायला तोंड उघडून श्वास घ्यायची सोय नाही. पत्र्याच्या शेडमधल्या माणसाने पावती फाडली. हुद्दा विचारला नाही की नवरा विचारला नाही. "सहाव्या होलला वारा इकडचा असतो," तो म्हणाला. "तेवढं नाक धरा."

तिथे रुग्णवाहिका चालवणारा एकजण होता, प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्या एक बाई होत्या, आणि टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या दोघी सख्ख्या बहिणी, ज्या फटका चुकला की एकमेकींना शिव्या द्यायच्या. पहिल्या दिवशी काटेबाईंना नऊ होलला अठ्ठावन्न फटके लागले. त्यांनी अठ्ठावन्न लिहिले. धाकटी बहीण फटक्यांच्या पत्रिकेत डोकावून म्हणाली, "आमचे बासष्ट आणि एकसष्ट. या, बसा."

आता तीन वर्षं झाली. घरी आल्या की नवरा बूट दाराबाहेर ठेवायला लावतो आणि कपडे सरळ बादलीत. सवय होते म्हणतात. काटेबाईंना झालेली नाही. सहाव्या होलला अजूनही त्यांचा पदर नाकाशी जातो, आणि कधीकधी ते कचऱ्यामुळे नसतं. फटका मारायच्या आधी त्यांना तो आपलाच 'हुं' ऐकू येतो. मग चेंडू हमखास डावीकडे जातो.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाची वेळ लावलेली आहे. रक्त तपासणाऱ्या बाई निलगिरीचं तेल शिंपडलेले दोन रुमाल घेऊन येणार आहेत.