आजीसाठी आधीच वाजलेली घंटा

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच सुमारास पांढरकवड्याच्या अलीकडे, सडकेला लागून असलेला कापसाच्या कंपनीचा रिकामा बंगला एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईंनी विकत घेतला आणि तिथे निवासी शाळा काढली. फाटकावर पृथ्वीचा गोल रंगवला. खाली लिहिलं, सर्व देशांतल्या मुलांसाठी. सर्व देश म्हणजे आफ्रिकेत दुकानं असलेल्या व्यापाऱ्यांची सात-आठ मुलं, मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या दोन मुली आणि बाकी सगळी यवतमाळ-नागपूरच्या वकील-अधिकाऱ्यांची. आणि मी. माझा तांडा त्या गोलावर कुठे असेल, हे मी पुष्कळ दिवस शोधत असे.

शाळेची बाकं, विटा, चुना, सगळं माझ्या बापूने आपल्या बैलगाड्यांतून आणून टाकलं होतं. वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरले, बापूच्या वाट्याला बाकं आली. त्याचं काम चोख, म्हणून मोठ्या बाईंनी (त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणत) त्याच्या धाकट्या मुलीला फी न घेता शिकवायचं कबूल केलं. मी नऊ वर्षांची होते. बापू खुशीत होता. याडी, म्हणजे माझी आई, गप्प होती. आजीने मात्र मला निरोप देताना गळ्यात पडून अर्धा दिवस रडून काढला.

इथे आमची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळेच घडलं. आमच्या तांड्यात बायका पुष्कळ दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. त्या रडण्यातच सगळं सांगून होतं : गाय व्याली, विहिरीला पाणी लागलं, तुझ्यावाचून घर खायला उठतं. दुःख असायलाच हवं असं नाही. सूर मध्येच तोडायचा नाही, आणि न रडता भेटणं म्हणजे परक्यासारखं भेटणं.

शाळेत असलं काही नव्हतं. सगळं घंटेवर चाले. कडुनिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता. तो वाजला की उठा, वाजला की जेवा, वाजला की प्रार्थना. झोपायला कापसाचं जुनं गोदाम. आढ्याला जुना कापूस चिकटलेला असायचा, वारा सुटला की अंगावर पडायचा. माझ्या खाटेशेजारी यवतमाळच्या एका वकिलाची मुलगी होती. ती वाईट नव्हती, पण तिला माझ्याशी बोलायला विषय सापडत नसे, मलाही नसे. रविवारी घरी पत्र लिहायचा तास असायचा. तांड्यात वाचता येणारं कोणी नव्हतं, म्हणून मी पत्र लिहून वहीतच घडी करून ठेवायची. तसली वीसेक पत्रं जमली होती. मी त्या वर्षात किती एकटी होते ते आता सांगून पटणार नाही. संध्याकाळी सडकेवरून जाणारे ट्रक मोजत फाटकाशी उभी राहायची, एवढंच सांगते.

शाळेचीही एक रीत होती. कोणा मुलाच्या घरी मयत झाली की घंटा सावकाश तीनदा वाजे. सगळे निंबाखाली गोळा होत आणि दोन मिनिटं माना खाली घालून उभे राहत. मोठ्या बाई त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवत.

सहा महिन्यांनी, पालकांना भेटीची मुभा होती त्या दिवशी, याडी आली. झरीच्या रानातून दिवसभराची बैलगाडी. अंगात आरशांची काचोळी, हातात कोपरापर्यंत बांगड्या, काखेत फडक्यात बांधलेला डबा. व्हरांड्यात मोटारीने आलेल्या आयाबाया वेताच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. याडीने मला पाहिलं, डबा खाली ठेवला, माझ्या गळ्यात पडली आणि सूर धरला.

व्हरांड्यातल्या बायका वळून पाहू लागल्या. वकिलाची मुलगी जवळ येऊन म्हणाली, "तुई आई गाऊन राह्यली का रडून राह्यली वो?" दोघी-तिघी हसल्या. मीही याडीबरोबर सूर धरायला हवा होता. माझा गळा उघडेना.

वॉर्डनबाई धावत आल्या. त्या नागपूरच्या, त्यांना आमची रीत ठाऊक असायचं कारण नव्हतं. "काय झालं बाई? कोण गेलं?" त्यांनी याडीला विचारलं. सूर मध्येच तोडायचा नसतो, याडी बोलली नाही. मग त्यांनी मला विचारलं, "बोल न पोरी, घरचं कोनी गेलं का?"

मला म्हणता आलं असतं की आमच्यात असंच भेटतात. एवढं एकच वाक्य होतं. पण ते सगळ्यांसमोर बोलायची मला लाज वाटली, आणि मी म्हणाले, "आजी."

याडीला मराठी कळत होतं. तिचा सूर तिथेच तुटला.

घंटा तीनदा वाजली. मोटारीतल्या आयासुद्धा निंबाखाली येऊन उभ्या राहिल्या. आजी त्या वेळी घरी शेळ्यांना पाला टाकत असेल. मोठ्या बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या शाळेत मला मायेने लागलेला तो पहिला हात, आणि खरं सांगते, मला तो बरा वाटला. याडी ओढणी पुढे ओढून माझ्या शेजारी दोन मिनिटं उभी राहिली. मला खोटं पाडणारा एक शब्दही ती बोलली नाही. डब्यात मोहाच्या फुलांचे लाडू होते. मयतीच्या घरून कोणी गोड आणतं का? तिने डबा ओढणीखाली लपवला आणि तसाच परत नेला. माझं खोटं माझ्यापेक्षा तिनेच नीट सांभाळलं.

पुढच्याच वर्षी, थंडीत, आजी खरोखरच गेली. तिला अग्नी देऊन बापू रातोरात गाडी जुंपून निघाला, मला तिसऱ्या दिवसाच्या विधीला तरी नेता यावं म्हणून. फाटकाशी त्याने मला सांगितलं आणि म्हणाला, जा, बाईंना विचारून ये. मी मोठ्या बाईंच्या दारापर्यंत गेले. आत त्या वॉर्डनबाईंशी बोलत होत्या. काय सांगणार होते? आजी गेली म्हणून? तिच्यासाठी तर घंटा वाजून वर्ष झालं होतं. खरं सांगितलं तर शाळेतून काढतील, बापूची मान खाली जाईल, असं काय काय डोक्यात आलं. मी दार न वाजवताच परत फिरले. बापूला म्हणाले, परीक्षा आहे, सोडत नाहीत. तो म्हणाला, बरं, शिक. बैलांना पाणी पाजलं आणि एकटाच परत गेला. त्या दिवशी घंटा वाजली ती रोजचीच, जेवणाची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेले. माझी थोरली बहीणही त्याच दिवशी सासरहून आली होती, आजी गेल्यापासूनची तिची पहिलीच भेट. याडी तिच्या गळ्यात पडली, तांड्यातल्या बायका जमल्या आणि आजीचं नाव घेऊन सगळ्यांनी सूर धरला. मी पत्र्याची ट्रंक घेऊन शेजारी उभी होते. आता माझी पाळी, या वेळी गळा उघडायचाच, असं घोकत होते.

बहिणीला सोडून याडीने डोळे पुसले. आत गेली, लखलखीत घासलेला पितळी पेला भरून आणला आणि पाहुण्याला देतात तसा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी म्हणाले, "याडी, आजीसाठी..."

ती आमच्या बोलीत, अगदी हळू, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "तुझं झालंय ना बाई तिकडे. पाणी घे."