शून्य-शून्यवर निशिकांत धावला

इस्लामपूरचा निशिकांत परदेशात, हार्बरफ्रंट नावाच्या बंदरभागातल्या एका शिपिंग कंपनीत सिस्टिम्स मॅनेजर होता. अंगानं दांडगा, बोलायला मऊ. तिथल्या मेट्रोत कुणाचा पाय पडला तर हाच सॉरी म्हणायचा. २०१४ साली ऑफिसच्या बेसबॉल संघातला एक गडी आजारी पडला, तेव्हा पुण्याचा प्रबोध, त्यांचा कॅप्टन, याच्या टेबलाशी आला.

"तू क्लब क्रिकेट खेळायचास ना? मग झालं. आला बॉल की हाणायचा."

सामन्यात समोरच्या संघाचा पिचर, म्हणजे बॉल फेकणारा, वू तैवानात पगारी बेसबॉल खेळून आलेला. त्याच्या बॉलला बॅट लागेनाच. यांच्या पिचरनंही जीव तोडून टाकलं. सहा डाव संपले, दोन्हीकडं शून्य.

त्यात बॅटिंगच्या पहिल्या खेपेला वूचा बॉल निशिकांतच्या बरगडीत बसला. श्वास कोंडून तो वाकला. मागं बसलेला कॅचर लिम हसला. "क्रिकेट खेळ जा, अंकल!" दुसऱ्या खेपेला बॉल कोपरावर. हात मुंग्यांनी भरला, बोटं मिटेनात. लिम पुन्हा हसला. "घरी जा, अंकल. बायको तेल लावेल."

निशिकांत कोपर चोळत निघाला.

सातव्या, शेवटच्या डावात त्यानं डोळे मिटल्यागत बॅट फिरवली आणि बॉल दोन गड्यांच्या मधून पार कुंपणाला गेला. निशिकांत सुटला. बॅट हातातच. बेसबॉलमध्ये ती टाकून पळतात. हा वीस वर्षं बॅट घेऊनच पळालेला. "बॅट टाक! टाक!" प्रबोध बोंबलत होता. याला वाटलं, पळ म्हणतोय. दुसरा बेस गेला, तिसरा गेला. धाव पुरी होते त्या होम प्लेटवर लिम बॉल घेऊन आडवा उभा. निशिकांतनं क्रीजमध्ये घुसावं तशी बॅट पुढं करून उडी घेतली.

कडाक्कन आवाज झाला. लिमचा जबडा तुटला. मास्क उडाला, दोन दात मातीत पडले, रक्ताची लाळ जर्सीवर आली. वू धावत आला अन् त्यानं निशिकांतच्या नाकावर ठोसा घातला. हाड मोडलं. निशिकांतनं त्याला खाली घेतला, छातीवर बसला आणि हाणत राहिला, हाणत राहिला. चौघांनी ओढला तेव्हा उठला. अंपायरनं त्याला आउट दिलं आणि सामना तिथंच थांबवला. शून्य-शून्य.

लिमच्या जबड्यात तारा घातल्या. पोलीस तक्रार झाली. वूनं पहिला ठोसा मारला होता, म्हणून ती मारामारी पोलीस फारशी मनावर घेणार नव्हते. प्रश्न बॅटचा होता. अपघात असेल तर समज देऊन सोडणार. मुद्दाम असेल तर तुरुंग, मग कामाचा पासही जाणार, अन् घरात नुकताच पीआरचा, तिथं कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज भरलेला.

"क्रिकेटची सवय, एवढंच म्हण," प्रबोध फोनवर म्हणाला. "खोटं थोडंच आहे?"

सुरेखा, त्याची बायको, त्याच्या नाकावर बर्फ धरून बसली होती. "आपल्या श्रियाची शाळा आहे इथं. चार शब्द बोलायचे अन् यायचं."

"बॅट सवयीनंच नेली गं," निशिकांत म्हणाला. "पर क्रीजला बॅट जमिनीला घासत नेत्यात. म्या शेवटाला उचलली."

बर्फ धरलेला तिचा हात थांबला. मग हळू म्हणाली, "हितं क्रिकेट कोण खेळतंय? कुणाला कळणार हाय?"



पोलीस ठाण्यात जबाब टाइप करून तयार होता. खेळाच्या जुन्या सवयीमुळे अपघात. अधिकाऱ्यानं सहीची जागा दाखवून पेन पुढं केलं.

निशिकांतनं पेन घेतलं नाही. टेबलावरची लांब पट्टी उचलली. "क्रिकेटमध्ये असं," म्हणत ती टेबलावर सपाट सरकवली. "आणि मी असं." त्यानं टोक सर्रकन वर नेलं, अधिकाऱ्याच्या हनुवटीपाशी आणून थांबवलं.

अधिकारी खुर्चीसकट मागं सरकला. पट्टी काढून घेतली. मग त्यानं तो कागद फाडला आणि कीबोर्ड पुढं ओढला.